कोवलम : मच्छीमारांच्या गावात लाटांवरचा खेळ

कोवलम म्हटले की केरळमधील प्रसिद्ध किनारा आठवतो. याच नावाचे आणखी एक गाव तामिळनाडूत, बंगालच्या उपसागराच्या काठी आहे. चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेकडे सुमारे 40 किलोमीटर अंतरावरील हे गाव चेंगलपट्टू जिल्ह्यात येते. इंग्रजांच्या नोंदींत त्याचे नाव कोवलाँग असे आढळते. लांबच लांब वाळूची पुळण आणि लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा खेळ, म्हणजेच सर्फिंग, ही आज या गावाची ओळख बनली आहे.

कोवलमचा इतिहास मात्र जुना आहे. कर्नाटकच्या नवाबांच्या काळात येथे बंदर होते. युरोपीय सत्तांच्या संघर्षात येथील किल्ला फ्रेंचांच्या हाती गेला आणि 1752 मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने तो जिंकून उद्ध्वस्त केला. बंदराचे महत्त्व संपले, मासेमारी टिकून राहिली. ‘कॅटामरान’ हा जगभर रूढ झालेला शब्द मूळच्या तमिळ ‘कट्टुमरम’वरून, म्हणजे एकत्र बांधलेल्या ओंडक्यांवरून आला आहे. फुटणाऱ्या लाटा ओलांडून अशा तराफ्यावरून समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांना लाटेची पारख पूर्वापार होती. त्यामुळे सर्फिंग त्यांना फारसे परके वाटले नाही. याच समाजातील मूर्ती मेगवन यांच्या पुढाकाराने 2012 मध्ये येथे सर्फिंगचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. मच्छीमार कुटुंबांतील तरुण प्रशिक्षक झाले आणि त्यांना रोजगाराचा नवा मार्ग मिळाला.

लाट कशी तयार होते?

किनाऱ्यावर दिसणारी लाट बहुधा दूरवरच्या समुद्रात जन्म घेते. वाऱ्याने पाण्याला दिलेली ऊर्जा शेकडो, कधी हजारो किलोमीटर प्रवास करते. पाणी उथळ होऊ लागले की लाटेचा तळ मंदावतो, माथा उंचावतो आणि अखेरीस ती फुटते. साधारणपणे पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की हे घडते. म्हणजेच लाटेचा आकार समुद्रतळावर, तेथील वाळूच्या उंचवट्यांवर अवलंबून असतो.

मे ते सप्टेंबर हा येथील मुख्य हंगाम मानला जातो. या काळात दक्षिणेकडून येणाऱ्या लाटांना जोर असतो. नैऋत्य मोसमी वारा या किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे सकाळी लाटेचा पृष्ठभाग नितळ राहतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की पाणी खवळते. म्हणूनच शिकणाऱ्यांनी पहाटेची वेळ निवडावी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ असतो. डिसेंबर 2022 मधील ‘मांदूस’ चक्रीवादळाने महाबलीपुरमजवळच किनारा ओलांडला होता.

सावधगिरी आवश्यक

या किनाऱ्यावर खरा धोका असतो तो समुद्राकडे परतणाऱ्या वेगवान प्रवाहाचा. लाटांनी आणलेले पाणी वाळूच्या उंचवट्यांमधील खोलगट वाटेने मागे जाते. जेथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत भासते, तीच जागा अनेकदा सर्वांत धोकादायक असते. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा प्रयत्न करू नये. दम संपतो आणि माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे. ते शक्य नसल्यास तरंगत राहून हात उंचावून मदत मागावी. पोहता न येणाऱ्याने बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नये. तरंगणारी वस्तू फेकून मदतीसाठी हाक द्यावी. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था उंच लाटांचे इशारे जारी करते. ते पाहूनच पाण्यात उतरणे हिताचे.

वाळू टिकली तरच

स्वच्छता आणि सुरक्षिततेसाठी दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन कोवलमला 2021 मध्ये मिळाले. जवळच्या महाबलीपुरम येथे ऑगस्ट 2025 मध्ये झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत भारताच्या रमेश बुदिहाळने कांस्यपदक पटकावले, तेव्हा या किनारपट्टीकडे देशाचे लक्ष वेधले गेले.

तथापि, कोरोमंडल किनाऱ्यावर वर्षभराचा हिशेब मांडला तर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. वाटेत बांध किंवा बंदराची भिंत उभी राहिली की तिच्या दक्षिणेस वाळू साचते आणि उत्तरेचा किनारा झिजतो. पुळण आक्रसली तर लाटांचे रूप बदलते. त्याहून गंभीर बाब म्हणजे होड्या ओढण्यासाठी आणि जाळी वाळवण्यासाठी मच्छीमारांना जागा उरत नाही. पर्यटकांसाठी ही पुळण विरंगुळ्याची असली, तरी गावासाठी ती उपजीविकेची आहे. कचरा न टाकणे, जाळी न तुडवणे आणि होड्यांची वाट मोकळी ठेवणे, एवढे पथ्य प्रत्येक पाहुण्याने पाळायलाच हवे.