हंगामारंभीची कबड्डी : कळंबकर प्रेक्षकासाठी

पुणे–नाशिक महामार्गावरील कळंबहून राजगुरुनगर, चाकण मागे टाकीत बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुलात कबड्डी पाहावयास जाणाऱ्या रसिकाने, गावच्या मातीवरील सामन्यांची सवय क्षणभर बाजूस सारून, हे ध्यानी घ्यावे की २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये चढाईस तीस सेकंदांचीच मुदत असते, आणि सलग दोन चढाया निष्फळ ठरल्यास तिसरीत गुण मिळविणे वा बाद होणे याखेरीज गत्यंतर उरत नाही. पुरुषांचे क्रीडांगण १३ बाय १० मीटर. डाव वीस-वीस मिनिटांचे दोन.

हंगामाच्या आरंभी बचावपटूंची साखळी परस्परांच्या हालचालींशी पुरती परिचित झालेली नसल्याने, आमच्या मते, चढाईपटूंचीच सरशी अधिक. महाविद्यालयीन संघांत तर हा कच्चेपणा उघड दिसतो, आणि तोच पाहण्यात खरी गोडी.

प्रो कबड्डी लीगमध्ये पुणेरी पलटण संघाने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर २८–२५ असा विजय मिळवून प्रथमच अजिंक्यपद पटकाविले. त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरला पुढील हंगामाचा अंतिम सामना मात्र बालेवाडीत झाला, आणि पुणेकरांच्या डोळ्यांदेखत (दैवाचा हा खोडसाळपणाच!) चषक नेला तो हरियाणानेच, पाटणा पायरेट्सला हरवून.