मेवाडच्या मोटारखान्यात

उदयपूरला जाणारा प्रवासी सहसा तळी आणि राजवाडे पाहून परततो. पिछोल्यातील नौकाविहार, राजवाड्याच्या सज्जातून दिसणारा सूर्यास्त, सहेलियों की बाडीतील कारंजी एवढे झाले, की उदयपूर पाहून झाले असे आपण समजतो. परंतु ज्यांच्यापाशी आणखी एका दुपारची सवड आहे, त्यांनी गुलाबबागेनजीकचा मेवाड दरबारचा जुना मोटारखाना अवश्य पाहावा. २००० सालापासून तो संग्रहालय म्हणून सर्वांना खुला झाला आहे.

बडोदेकरांना ‘मोटारखाना’ या शब्दाचा अर्थ सांगण्याचे कारण नाही. हत्तीखाना, बग्गीखाना यांच्या पंगतीत संस्थानी काळात हा नवा खाना येऊन बसला. उदयपूरच्या संग्रहालयाचे वैशिष्ट्य असे, की गाड्यांसाठी नवे दालन बांधलेले नाही. दरबारच्या गाड्या जेथे उभ्या राहत, तेथेच त्या आजही उभ्या आहेत. मधले मोकळे पटांगण आणि त्याभोवती अर्धवर्तुळाकार रचलेली गाडीघरे, अशी ही वास्तू आहे. प्रत्येक गाडीला आपली खोली आणि आपले दार. जुन्या काळचा पेट्रोलचा पंपही जागेवर आहे. त्यामुळे कधीकाळच्या कामाच्या जागेत आल्यासारखे वाटते.

गाड्या वीसेकच आहेत. पण त्या सावकाश पाहाव्यात. सर्वांचे लक्ष प्रथम वेधून घेते ती १९३४ सालची रोल्स-रॉईस फँटम-दोन. १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’ या जेम्स बाँडच्या चित्रपटात ती झळकली, म्हणून तरुण मंडळी तिच्यापुढे गर्दी करतात. परंतु तिचे खरे कौतुक तिच्या घडणीत आहे. त्या काळी रोल्स-रॉईस कंपनी केवळ सांगाडा, चाके आणि यंत्र तयार करीत असे. फँटम-दोनचे यंत्र सहा नळकांड्यांचे, सुमारे पावणेआठ लिटर क्षमतेचे. वरची पेटी गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे स्वतंत्र कारागीर बांधून देत. लाकडी चौकटीवर पत्रा चढविण्याचे हे काम सुताराचे आणि लोहाराचे होते. म्हणूनच एकाच वर्षीच्या दोन गाड्याही पुष्कळदा परस्परांसारख्या दिसत नाहीत.

शेजारच्या कॅडिलॅक गाड्यांपाशी मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. आरंभीच्या मोटारी पुढच्या बाजूस लोखंडी दांडा घालून, तो जोराने फिरवून सुरू कराव्या लागत. यंत्राने उलटा झटका दिला तर मनगट मोडत असे. कॅडिलॅकने आपल्या १९१२ सालच्या गाड्यांवर विजेचा स्टार्टर बसविला आणि ही धास्ती संपली. अंगबळ नसलेल्यालाही मोटार चालविणे शक्य झाले. स्त्रियांच्या हाती चाक येण्यास या लहानशा यंत्राने मोठाच हातभार लावला.

मात्र या सर्व ऐश्वर्यात मनात घर करते ती एक साधीच गाडी, १९४७ सालची शेव्हरोले बस. महाराणा भूपाल कॉलेजच्या विद्यार्थ्यांची ने-आण करण्यासाठी ती होती. तिच्यात चांदी-मखमलीचा थाट नाही. पण पालखीच्या जागी आलेल्या मोटारींच्या रांगेत उभी असलेली ही बस नव्या काळाची चाहूल देते. पुढच्याच वर्षी मेवाड राजस्थान संघात विलीन झाले.

येथे एक विचार टाळू म्हटले तरी टळत नाही. या गाड्यांचा पैसा कोठून आला? याच मेवाडात बिजोलियाच्या शेतकऱ्यांनी जाचक लागबाग आणि वेठबेगारीविरुद्ध १८९७ पासून १९४१ पर्यंत, चार तपांच्या आसपास, झुंज दिली. आणि मराठी माणसाने इतरांकडे बोट दाखवावे असेही नाही. १७६९ साली महादजी शिंद्यांच्या फौजेने उदयपूरला वेढा घातला होता, आणि खंडणीचा भार अखेर इथल्या रयतेनेच वाहिला. पुढे मोटारींच्या हौसेतही आपली संस्थाने मागे नव्हती. १९०८ सालच्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत घाट चढून नावाजलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही रोल्स-रॉईस ग्वाल्हेरच्या महाराजांनीच विकत घेतली. वैभव पाहताना त्याची किंमत कोणी मोजली, हेही मुलांना सांगितले, तर संग्रहालयाची फेरी खऱ्या अर्थाने शिक्षण ठरते.

मग अशा गाड्या जपाव्यात कशासाठी? राजांसाठी नव्हे; कारागिरांसाठी. उभी ठेवलेली मोटार टिकत नाही. टाकीतले पेट्रोल चिकट होते, रबर वाळून चिरते, बॅटरी उतरते, टायर एका बाजूस चपटे होतात. तिला अधूनमधून चालवावेच लागते, आणि त्यासाठी जुन्या यंत्राचा आवाज ओळखणारा मिस्त्री लागतो. ते ज्ञान हातातून हातात जाते. एक पिढी खंडली की नष्ट होते. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम केले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु नियमांनी कागद जपता येतात. हात जपायचे काम समाजाचे आहे.

मोटारखाना पाहण्यास तास-दीड तास पुरतो. तेथून गुलाबबागेत मुलांना मोकळे सोडावे. राजवाडा आणि १६५१ साली बांधलेले जगदीश मंदिर शहरातच आहे. संध्याकाळी सज्जनगडावर चढावे. १८८० च्या दशकातील या महालातून तळ्यांचे सारे जाळे नजरेत येते. दुसऱ्या दिवशी एकलिंगजी आणि पुढे हळदीघाट करावा. १५७६ च्या रणभूमीवरील पिवळी माती मुठीत घेतली, की इतिहासाचे पुस्तक वेगळे वाटू लागते.

बडोद्याहून अहमदाबाद, हिंमतनगर, शामळाजी, खेरवाडा असा रस्ता सोयीचा आहे. अहमदाबाद-उदयपूर लोहमार्गही रुंद होऊन २०२२ च्या ऑक्टोबरअखेर त्यावरून थेट गाड्या सुरू झाल्या. हिवाळ्यात जावे, गरम कपडे बरोबर ठेवावेत. संग्रहालयाच्या वेळा व शुल्क निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

घरात मोटारींचा षोक असणारा एखादाच असतो. बाकीचे त्याच्या हट्टासाठी येतात. उदयपूरला मात्र त्यांना कंटाळा येणार नाही. ज्याला यंत्र कळते त्याला यंत्र, ज्याला इतिहास आवडतो त्याला इतिहास, आणि आजी-आजोबांना आपल्या तरुणपणीची बस, असे प्रत्येकाला आपापले काही येथे सापडते.