एका रुग्णालयाच्या फाटकातून जग

'समकालीन जागतिक प्रश्न' हे नाव अभ्यासक्रमावर दिसलं की पालक विचारतात, "म्हणजे नेमका विषय कोणता?" प्रश्न रास्त आहे. हवामानबदल, स्थलांतर, साथीचे रोग, यांतलं काहीच एका विषयाच्या कप्प्यात मावत नाही. म्हणून विद्यापीठात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास यांची मोट बांधतात. (मोट बांधली की ती ओढावीही लागते, हे पहिल्याच सत्रात कळतं!)

मुंबईतल्या चिंचपोकळीचंच उदाहरण घ्या. स्टेशनातून पश्चिमेला उतरून साने गुरुजी मार्ग, म्हणजे जुना आर्थर रोड, धरला की साथीच्या रोगांसाठीचं कस्तुरबा रुग्णालय लागतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. तो हाँगकाँगहून जहाजांतून आला असं मानलं जातं. माणसं गावी पळाली, गिरण्यांना मजूर मिळेनात आणि नाक्यानाक्यावर रोजंदारीची बोली लागू लागली. इथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी कान टवकारतो. सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा केला, घरांत शिरून तपासण्या सुरू झाल्या आणि लोक चिडले. आता पाळी राज्यशास्त्राची.

मार्च २०२० मध्ये मुंबईतले सुरुवातीचे कोरोनाचे रुग्ण याच कस्तुरबात दाखल झाले आणि महाराष्ट्रात लागू झाला तो तोच १८९७ चा कायदा. सव्वाशे वर्षांत जंतू बदलला, विमानं आली, लस काही महिन्यांत तयार झाली, पण परराज्यातला मजूर पुन्हा गावचीच वाट धरून निघाला. तो का निघाला, याचं उत्तर मात्र वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही.