दांडग्या माशाला शेजारी कोण?

परीक्षा संपल्या की मुलांच्या मागण्या सुरू होतात, आणि त्यात काचेच्या पेटीतले मासे हमखास असतात. हौस वाईट नाही. निदान तेवढा वेळ मोबाइल बाजूला राहतो. पण कुर्ल्याच्या दुकानांत गेल्यावर पोराच्या मनात भरतो तो बहुधा ऑस्कर. काळ्या अंगावर नारिंगी नक्षी आणि काचेला बोट लावले की समोर येऊन टक लावून बघणारा. दोन इंचांचे ते पिल्लू बघून आईवडील म्हणतात, एकटे कसे राहील बिचारे, सोबतीला चार गप्पी आणि दोन गोल्डफिश द्या. गप्पी लवकरच एकेक करून नाहीसे होतात.

ऑस्कर हा सिक्लिड कुळातला, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन नदीचा. हे कूळ आपल्या स्वयंपाकघराला मात्र परके नाही. उजनी धरणातून बाजारात येणारी चिलापी याच कुळातली, आणि कोकण-गोव्याच्या खाडीतला काळुंदरही. या माशांत आईबाप पिल्लांची राखण करतात, त्यामुळे जागा धरून बसणे आणि दुसऱ्याला हाकलणे त्यांच्या अंगातच आहे. नदीत हरलेला मासा दूर निघून जातो. तीन फुटांच्या पेटीत तो जाणार कोठे? फिल्टरच्या मागे दडून राहतो, त्याचे पर फाटतात, खाणे सुटते आणि एके सकाळी तो उलटा तरंगताना दिसतो. घरातले म्हणतात, पाणी मानवले नाही.

म्हणून सोबती निवडताना रंगापेक्षा आधी तोंड बघावे. जे तोंडात मावते ते ऑस्करच्या दृष्टीने खाणेच. गप्पी, निऑन, लहान एंजल यांचा विचारच नको. गोल्डफिश संथ असतो आणि त्याला थंड पाणी मानवते, त्यामुळे तोही बाद. चालतात ते अंगाने उंच, चपळ आणि थव्याने राहणारे मासे. सिल्व्हर डॉलर पाच-सहा एकत्र ठेवले तर मार एकावरच येत नाही. टिनफॉइल बार्बही चालतो, पण तोही फूटभर वाढतो. तळाला सकर ठेवायचा तर चांगला मोठाच घ्यावा. लहान सकर गिळायला गेलेल्या ऑस्करच्या तोंडात त्याचे काटे अडकतात आणि दोघेही जातात.

आता जागेचा हिशेब. दोन इंचांचा ऑस्कर वर्षभरात आठ-दहा इंच होतो, पुढे फूटभर. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत सुमारे 255 लिटर पाणी बसते. ही एका ऑस्करची खोली समजा. सोबती हवे तर सहा फुटी पेटी लागते. तिच्यात पाचशे लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन पाचशे किलो. चाळीतल्या माळ्यावर किंवा जुन्या लाकडी तक्तपोशीवर ते ठेवायचे का, हे दुकानदार सांगणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यांना आम्ही स्पष्टच सांगतो, ऑस्कर घ्यायचाच तर एकटाच घ्या. तो सोबतीवाचून झुरत नाही. खाऊ घालणाऱ्या माणसाशी त्याची चांगली ओळख होते. फ्लॉवरहॉर्न तर एकटाच ठेवायचा.

लहान पेटी असेल तर काळ्या पट्ट्यांच्या कॉन्व्हिक्टची जोडी बरी. ते चार-पाच इंचांच्या आसपास राहतात, तीन फुटी पेटी पुरते. अंडी घातली की नर-मादी दोघे पहारा देतात आणि मुलांना तो संसार बघायला मिळतो. मात्र त्या काळात तिसऱ्या माशाची धडगत नसते, म्हणून तिसरा ठेवूच नये.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या निळ्या-पिवळ्या सिक्लिडांचे गणित उलटे आहे. ते दोन-तीन ठेवले तर एकमेकांना मारतात. चार फुटी पेटीत दगडांच्या कपारी करून डझनभर ठेवावेत, नर कमी, माद्या जास्त, म्हणजे भांडण वाटले जाते. त्यांना जड, क्षारयुक्त पाणी आणि शेवाळाचे खाद्य लागते. ऑस्करबरोबर त्यांचे जमत नाही.

ऑस्करसाठी म्हणून जिवंत गप्पी पिशवीत मिळतात. पंचशील म्हणणाऱ्या घरात मुलांपुढे हा खेळ कशाला? त्याची गरजही नाही. गोळ्या आणि अधूनमधून चिरलेली कोळंबी पुरते. जिवंत माशांतून रोग मात्र येतात. मोठा झालेला मासा तलावात सोडणे हेही पुण्य नव्हे, कारण परदेशी मासा तिथल्या माशांच्या मुळावर येतो. परत घेणार का, हे दुकानदाराला खरेदीआधीच विचारून ठेवावे.

नवा मासा सोडताना आधी पेटीतले दगड हलवून मांडणी बदलावी, म्हणजे जुन्याची हद्द मोडते. जुन्याला थोडे खाऊ घालावे, दिवा मालवावा, मग सोडावे. पहिला तासभर समोर बसावे आणि शिळ्या पाण्याची बादली जवळ ठेवावी. पाठलाग थांबलाच नाही तर नव्याला लगेच बाहेर काढता येते. झाकणावर काहीतरी जड ठेवायला विसरू नये, ऑस्कर उडी मारतो.