मेगावॉट कोणता: उष्णतेचा की विजेचा?

शेगावहून अकोल्याकडे निघालेली गाडी नागझरी ओलांडते आणि पुढे पारस येते. तिथले औष्णिक वीज केंद्र अकोला जिल्ह्यात असले, तरी बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यात 250 मेगावॉटचे दोन संच आहेत. हा आकडा विजेचा. त्यातल्या एका संचाच्या बॉयलरमध्ये कोळसा जळून जी उष्णता निघते, तीही मेगावॉटमध्येच मांडायची तर सुमारे 700 भरते. दोन्ही आकडे खरे आहेत. म्हणूनच बातमीत किंवा प्रकल्पाच्या कागदात नुसते ‘मेगावॉट’ दिसले, की तो उष्णतेचा की विजेचा हे आधी विचारावे.

उष्णता मोजण्याची जुनी रीत किलोकॅलरीची: एक किलो पाणी एक अंशाने तापवायला लागते तेवढी उष्णता. एक किलोवॉट तासभर चालले, म्हणजे आपल्या बिलातले एक युनिट झाले, की त्याच्या 860 किलोकॅलरी होतात. म्हणजे एक मेगावॉट म्हणजे ताशी 8 लाख 60 हजार किलोकॅलरी आणि एक गिगावॉट म्हणजे ताशी 86 कोटी. इथपर्यंत सरळ गुणाकार आहे.

वीज केंद्रात मात्र 860 किलोकॅलरी जाळून एक युनिट मिळत नाही. एका युनिटमागे किती उष्णता खर्च झाली याला तिथे ‘हीट रेट’ म्हणतात. 250 मेगावॉटच्या संचाचा तो साधारण 2400 किलोकॅलरी धरावा. 860 ला 2400 ने भागले की उत्तर येते 36 टक्के, आणि हीच संचाची कार्यक्षमता. पूर्ण भाराने चालणाऱ्या संचाला ताशी 60 कोटी किलोकॅलरी लागतात. किलोमागे 3500 किलोकॅलरी देणारा कोळसा असेल, तर तासाला सुमारे 170 टन जळतो!

उरलेले साडेचारशे मेगावॉट कुठे जातात? काही चिमणीवाटे, बहुतेक कंडेन्सरमधल्या थंड पाण्यात. याला सगळा हलगर्जीपणाच कारणीभूत नाही. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने 1824 मध्येच दाखवून दिले होते, की उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राला काही उष्णता थंड बाजूला सोडावीच लागते. वाफ 540 अंशांची आणि कंडेन्सर 45 अंशांचा असेल, तर आदर्श यंत्रही 61 टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही.

मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याकडे ज्याची चौकशी वाढते, त्या ‘दीड टना’च्या एसीचे गणित याच्या उलट दिसते. हा टन यंत्राच्या वजनाचा नाही. बर्फावर थंडावा मिळवण्याच्या काळातले हे अमेरिकी माप आहे: त्यांचा एक टन, म्हणजे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जी उष्णता शोषतो, ती. ताशी 12,000 बीटीयू, 3024 किलोकॅलरी किंवा साडेतीन किलोवॉट. दीड टनाच्या एसीच्या पाटीवर त्यामुळे थंडाव्याची क्षमता पाच किलोवॉटच्या आसपास आणि वीज जेमतेम दीड किलोवॉट लिहिलेली आढळते. यात लबाडी नाही. एसी उष्णता निर्माण करत नाही, खोलीतली उचलून बाहेर टाकतो, आणि उचलण्याची मजुरी कमी पडते. मोठ्या शीतगृहाचा हिशेब करायचा असेल, तर एक मेगावॉट उष्णता म्हणजे 284 टन हे लक्षात ठेवावे.

आता कपाशीच्या वावरात या. निरभ्र दुपारी ऊन चौरस मीटरला सुमारे एक किलोवॉट देते, म्हणजे एकराला चार मेगावॉट. पारसच्या एका संचाच्या बॉयलरइतकी उष्णता पावणेदोनशे एकरांवर फुकट पडत असते. तरीही एक मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला चार-पाच एकर जागा लागते, कारण पॅनेल उन्हाचा साधारण पाचवा भागच विजेत बदलते आणि रांगांची सावली एकमेकींवर पडू नये म्हणून मधे जागा सोडावी लागते.

या विजेचा अर्थ शेतकऱ्याला हॉर्सपॉवरमध्येच कळतो. पाच एचपीच्या मोटारीच्या पाटीवर 3.7 किलोवॉट लिहिलेले असते. त्या हिशेबाने एका मेगावॉटवर कागदोपत्री सुमारे 270 मोटारी एकाच वेळी चालाव्यात. प्रत्यक्षात मोटारीतली आणि तारांमधली गळती वजा करता हा आकडा बराच खाली येतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे, आणि रात्री-बेरात्री विंचू-सापांच्या भीतीत मोटार चालू करायला गेलेल्या प्रत्येकाला त्याची किंमत माहीत आहे. म्हणून गावाजवळ सौर प्रकल्प येत असेल, तर ग्रामसभेत मेगावॉटचा आकडा ऐकून थांबू नये. आपल्या फीडरवर एकूण किती एचपीच्या मोटारी आहेत, हेही तिथेच मांडायला लावावे.