हुमणीचा भुंगेरा आणि खतातली अळी



वळवाचा पाऊस झाला की दिवेलागणीला कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर भुंगेरे जमतात. त्यावेळी दिसेल तो किडा मारायचा आणि उकिरड्यात पांढरी अळी दिसली की सगळं खत वाया गेलं म्हणायचं, हे दोन्ही नुकसानीचं आहे.

हुमणीच्या कुळातला भुंगेरा रंगावरून ओळखू जाऊ नका, मिशा बघा. मिशीच्या टोकाला पुस्तकाच्या पानांसारख्या बारीक चकत्या असतात. त्या पंख्यासारख्या उघडतात व मिटतात. दुसरी खूण पुढच्या पायांची. माती उकरण्यासाठी ते चपटे व दातेरी असतात. याउलट मिशा दोऱ्यासारख्या, पाय लांब आणि जमिनीवर तुरुतुरु पळणारा काळा किडा दिसला तर त्याला सोडा. तो दुसऱ्या किडी खाणारा, आपल्या कामाचा गडी आहे.

या कुळातले सगळेच उसाचे वैरी नाहीत. शेणाचे गोळे करणारा किडाही यांचाच भाऊबंद! अळ्या तर सगळ्यांच्या सारख्याच दिसतात : पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, डोके तपकिरी, पायांच्या तीन जोड्या. म्हणून खतातली अळी सपाट जागेवर सोडून बघा. पाठीवर उताणी होऊन सरकू लागली तर ती फुलभुंगेऱ्याची; कुजलेला पाला खाऊन तिचे पोट भरते. खत बिनघोर वापरा. न सरकणारी असेल तर तिचे शेपटाकडील टोक भिंगातून बघा. गुदद्वाराची फट आडवी असेल तर बहुधा गेंड्या भुंगेऱ्याची अळी. तो नारळाचा शत्रू, माडवाल्यांनी ती वेचावी. फट इंग्रजी व्ही किंवा वाय अक्षरासारखी दिसली तर मात्र हुमणी समजा.

एवढी खटपट कशासाठी? हुमणीची वर्षाला एकच पिढी होते आणि एक मादी साधारण ५० ते ६० अंडी जमिनीत घालते. ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडून ओढताच हातात येतो, तेव्हा मोठी झालेली अळी मुळाशी बसलेली असते. तिथपर्यंत औषध पोचवणे अवघड व खर्चाचे. भुंगेरे मात्र रात्री झाडावर आयते सापडतात. फांद्या हलवून खाली पडलेले गोळा करा व रॉकेल किंवा साबण मिसळलेल्या पाण्यात टाका. पहाटेपूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरतात, तेव्हा काम रात्रीच उरका. एकट्याने केले तर शेजारच्या बांधावरून पुन्हा येतातच, म्हणून सबंध शिवाराने एकाच आठवड्यात हे करावे.