दोन चाकांतील हवा

पावसाच्या पहिल्या सरीबरोबर गोव्याच्या रस्त्यांवर दुचाक्या घसरू लागतात आणि त्याबरोबर दोषारोपही सुरू होतात. कोणी खड्ड्यांना बोल लावतो, कोणी तरुणांच्या बेफाम वेगाला. दोन्ही कारणे खरीच आहेत. परंतु चाकांत हवा किती होती, हा साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. या साऱ्याचे खापर हवेवर फोडावे, असे आम्ही म्हणत नाही. पण दुचाकी तळहाताएवढ्या दोन जागांवरच रस्त्याला टेकलेली असते. हवा उतरलेला टायर वळणावर डगमगतो, तापतो, आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड ढिली पडते.

मग लोक हवा का पाहत नाहीत? केवळ आळस म्हणून त्यांना दूषण देणे अन्यायाचे होईल. पेट्रोलपंपावरील हवेच्या नळीचे तोंड बहुधा मोटारीच्या चाकासाठी घडविलेले, लांब आणि सरळ असते. मोटारसायकलच्या चाकात एका बाजूस ब्रेकची तबकडी, दुसरीकडे साखळीचे दातेरी चक्र. स्कूटरचे तर चाकच लहान. त्या अडचणीत ते तोंड व्हॉल्ववर सरळ बसत नाही. ते तिरपे टेकले की भरण्याऐवजी असलेली हवाच फुसकन् निघून जाते. मागे मोटारींची रांग खोळंबलेली असते. स्वार ओशाळतो आणि निघून जातो. मागे माणूस बसला की मागील चाकाला काही पौंड हवा अधिक लागते, आणि नेमका त्याच चाकाचा व्हॉल्व सर्वांत अवघड जागी असतो! प्रवासी वाहून पोट भरणाऱ्या आमच्या मोटारसायकल पायलटांना ही अडचण रोजची आहे.

उपाय मात्र क्षुल्लक आहे. काटकोनात वळलेली पितळी जोडनळी अल्प किमतीत मिळते. ती व्हॉल्ववर पिळून बसवावी, हवा भरावी आणि काढून ठेवावी; तशीच ठेवल्यास ती वेगात हिसके खाऊन हवा गळू लागण्याचा धोका असतो. चाक फिरवून व्हॉल्व सोयीच्या जागी आणावा. टायर बदलताना वाकडा व्हॉल्व बसवून घेतला तर कटकटच मिटते. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी; धावून तापलेल्या टायरचा आकडा फुगलेला दिसतो, म्हणून त्यातील हवा सोडू नये. किती पौंड हवी ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. शेवटी व्हॉल्वची टोपी लावण्यास विसरू नये.

परंतु सारा भार नागरिकावर टाकून भागणार नाही. पंपावर मोफत हवा पुरविणे तेल कंपन्यांच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. जी हवा दुचाकीच्या चाकात पोचतच नाही, ती पुरविली असे कसे म्हणावे? प्रत्येक पंपावर नळीला एक वाकडे तोंड आणि अचूक मापक असावा, एवढीच आमची मागणी आहे. त्यासाठी ना समिती हवी, ना अनुदान. पंपचालकांनी हे आपणहून करावे. न केल्यास वाहतूक खात्याने तेल कंपन्यांकडे आग्रह धरावा. मूठभर पितळेअभावी कोणाचा जीव धोक्यात पडावा, हे सुजाण समाजाला शोभणारे नाही.